बंदुकीकडून दुर्बिणीकडे

मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्याचा तिठा लागतो. तेथून रत्नागिरीकडे वळणारा रस्ता धरला, म्हणजे सड्याची कातळजमीन हळूहळू मागे पडते आणि खाऱ्या वाऱ्याचा वास येऊ लागतो. काजळी नदी भाट्याजवळ समुद्रास मिळते. भरतीच्या वेळी तेथे पाण्यावाचून दुसरे काही दिसत नाही. ओहोटी लागली की काठचा चिखल उघडा पडतो आणि जो चिखल आपल्याला निर्जीव भासतो, तो एकाएकी हलू लागतो. शेपटी वरखाली करीत तुतवार धावतो. चिखल्या चार पावले पळतो, थबकतो आणि पुन्हा पळतो. राखी बगळा मात्र गुडघाभर पाण्यात असा स्तब्ध उभा असतो, की एखादे खोड रोवले आहे असे वाटावे. उथळ पाण्यात चालून पोट भरणाऱ्या या पक्ष्यांच्या जवळ जाऊ पाहणाऱ्याचा अनुभव बहुधा एकच असतो. आपण दहा पावले पुढे टाकावीत आणि त्यांनी शंभर पावले दूर उडून जावे! छायाचित्र घ्यावे, तर त्यात चिखल तेवढा स्वच्छ उमटतो आणि पक्ष्याच्या जागी एक पांढुरका डाग दिसतो.

या पक्ष्यांना निरखून पाहण्याची आणि जे पाहिले ते जसेच्या तसे नोंदवून ठेवण्याची सवय आपल्या देशाला ज्यांनी लावली, त्यांत सलीम अली यांचे नाव अग्रभागी आहे.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म मुंबईत १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. ते वर्षाचे होते तेव्हा वडील वारले आणि तिसऱ्या वर्षी आईचे छत्रही हरपले. भावंडे पुष्कळ होती. त्या सर्वांचा सांभाळ मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी गिरगावाजवळील खेतवाडीत केला. मामा स्वतः शिकारी होते. त्यांनी लहानग्या सलीमला छऱ्याची बंदूक दिली आणि भाच्यालाही नामवंत शिकारी होण्याची स्वप्ने पडू लागली. पुढे ज्यांच्या नावाने पक्ष्यांना अभय मिळाले, त्यांच्या हाती पहिले साधन आले ते पक्षी मारण्याचे, हे लपवून ठेवण्याचे कारण नाही.

त्यांच्या वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमाराची गोष्ट. एके दिवशी त्यांनी एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतात, तो तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! नेहमीच्या घरचिमणीला असा ठिपका नसतो. दुसरा मुलगा असता, तर त्याने चिमणी टाकून दिली असती. सलीमने ती मामांकडे नेली. ही चिमणी कोणती, हे मामांनाही सांगता येईना. मात्र आपल्याला ठाऊक नाही हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आणि चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे चिटणीस त्या वेळी मिलार्ड नावाचे इंग्रज गृहस्थ होते. बुजत बुजत आत आलेल्या त्या मुलाचे त्यांनी प्रेमाने स्वागत केले, चिमणी ओळखून दाखवली आणि मग कपाटांचे खण एकामागून एक उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्याच्यापुढे ठेवले. चिमण्यांच्याही इतक्या जाती असू शकतात, हे सलीमला त्या दिवशी कळले. पक्ष्याची कातडी काढून ती टिकवावी कशी आणि तिच्याबरोबर तारीख, स्थळ, रंग, मापे यांची नोंद करावी कशी, याचे धडेही त्यांना तेथेच मिळाले.

शाळेत मात्र त्यांची प्रगती बेताचीच होती. १९१३ साली ते जेमतेम मॅट्रिक झाले. नंतर ब्रह्मदेशात तावॉय येथे कुटुंबाच्या खाणीच्या व लाकडाच्या व्यवसायात त्यांनी लक्ष घातले. पण लक्ष हिशेबाच्या वहीपेक्षा रानातील पक्ष्यांकडेच अधिक असे. धंदा बुडाला. मधल्या काळात मुंबईस येऊन त्यांनी व्यापारविषयक शिक्षण घेतले आणि सेंट झेवियर कॉलेजात फादर ब्लॅटर यांच्या मार्गदर्शनाखाली प्राणिशास्त्राचा अभ्यासही केला. १९१८ साली तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विद्यापीठाची पदवी मात्र त्यांच्यापाशी नव्हती आणि केवळ या कारणास्तव प्राणिसर्वेक्षण खात्यातील पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळू शकली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात प्रेक्षकांना माहिती सांगण्याची नोकरी मिळाली. तीही त्यांनी मनापासून केली. पण आपले ज्ञान अपुरे आहे, ही टोचणी त्यांना स्वस्थ बसू देईना. तेव्हा रजा घेऊन ते जर्मनीस गेले आणि बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन स्ट्रेझमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करू लागले. हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या प्रवासाचा माग कसा काढतात, हेही त्यांनी तेथे पाहिले.

१९३० साली ते परत आले, तो त्यांची जागाच संग्रहालयाने पैशाअभावी रद्द केलेली! वय तेहतीस, हाती परदेशातील उत्तम शिक्षण आणि घरात मिळकत शून्य. अशा वेळी माणूस कोणतीही कारकुनी पत्करतो. अली दांपत्याने मुंबई सोडली आणि अलिबागजवळील किहीम या समुद्रकाठच्या गावी बिऱ्हाड केले.

किहीमच्या घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळा तोंडावर आला होता आणि पक्षी घरटी विणण्यात गुंतले होते. सलीम अली आडोशाआड दडून तासन्‌तास त्यांच्याकडे पाहत बसू लागले. हाती दुर्बीण, वही आणि पेन्सिल, याखेरीज काही नाही. नोकरी गेल्यामुळे वेळ मात्र भरपूर होता. दिवसामागून दिवस त्यांनी प्रत्येक घरट्याचा जणू जमाखर्च लिहिला. हळूहळू एक नवलाचा क्रम त्यांच्या ध्यानी आला. घरटे विणतो तो नर. ते अर्धे झाले, म्हणजे माद्या येतात, आत शिरून ते पारखतात आणि पसंत पडले तर त्यात राहतात. मग नर त्या घरट्याला खालची लांब नळी जोडून ते पुरे करतो आणि लगेच शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! नापसंत झालेली अर्धवट घरटी तशीच लोंबत राहतात. ती घरटी आपल्याकडील गावोगावच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली होती. ती अर्धवट का राहतात, हे मात्र कोणी थांबून पाहिले नव्हते. या अभ्यासावरील त्यांच्या लेखाने देशोदेशीच्या शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. किहीमच्या त्या पावसाळ्याने सलीम अलींना घडवले, असे मला नेहमी वाटते. मेलेल्या पक्ष्याचे माप घेता येते, पण त्याचा संसार कळायचा तर तो जिवंतच पाहावा लागतो.

यानंतर त्यांनी एक वेगळाच मार्ग काढला. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी त्यांनी अल्प खर्चात करून देण्याचे अंगावर घेतले. महिनोन्‌महिने तंबूत राहावे, पहाटे उठून रान तुडवावे, रात्री कंदिलाच्या उजेडात नोंदी लिहाव्यात, असा हा क्रम होता. तेहमिनाबाईंनी शहरातील सुखे सोडून या भटकंतीत त्यांना साथ दिली. १९३९ साली एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अलींच्या आयुष्यातील हा सर्वांत मोठा आघात होय. बहिणीच्या घरी त्यांनी आसरा घेतला आणि स्वतःला कामात बुडवून घेतले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले आणि सामान्य वाचकाला पक्षी ओळखण्याची किल्ली मिळाली.

येथे त्यांच्या एका मित्राची ओळख करून देणे आवश्यक आहे. त्याचे नाव लोक वान थो. यातील ‘लोक’ हे आडनाव आहे. मलायातील एका धनाढ्य चिनी कुटुंबात १९१५ साली त्यांचा जन्म झाला. केंब्रिजमध्ये ते साहित्य व इतिहास शिकले आणि सिंगापुरात त्यांनी मोठा व्यवसाय उभा केला. १९४२ च्या फेब्रुवारीत जपानी सैन्य सिंगापूरच्या दाराशी येऊन ठेपले, तेव्हा ते एका जहाजाने निघाले. वाटेत जहाजावर बाँब पडले. लोक गंभीररीत्या भाजले आणि काही काळ त्यांची दृष्टीही गेली. उपचारानंतर डोळे वाचले. पुढे ते निर्वासित म्हणून भारतात आले आणि मुंबईत त्यांची व सलीम अलींची गाठ पडली. एकाची नोकरी गेली होती, पत्नी गेली होती. दुसऱ्याचा देश शत्रूच्या हाती होता. दोघांनाही जोडणारा धागा एकच, तो म्हणजे पक्षी. परत मिळालेल्या त्या डोळ्यांनी लोक पक्ष्यांची छायाचित्रे घेऊ लागले. सलीम अलींच्या अनेक प्रवासांत ते बरोबर असत आणि त्यांच्या मोहिमांना त्यांनी सढळ हाताने आर्थिक साहाय्यही केले. १९५७ साली त्यांचे छायाचित्रांनी सजलेले पुस्तक निघाले. १९६४ साली तैवानमधील विमान अपघातात त्यांचा अंत झाला, तोपर्यंत ही मैत्री अखंड राहिली.

त्या काळी पाणथळीतील पक्ष्याचे स्वच्छ छायाचित्र घेणे म्हणजे किती कठीण काम, हे आज सहज ध्यानात येणार नाही. कॅमेरे जड, दूरचे जवळ आणणारी भिंगे दुर्मीळ. फिल्म मंद असल्यामुळे झडप अधिक वेळ उघडी ठेवावी लागे आणि तेवढ्यात पक्ष्याने मान हलवली, की सारे चित्र पुसट होई. म्हणून छायाचित्रकार आधी कापडाचा वा गवताचा आडोसा उभारी. तो एकदम जवळ नेत नसत. पहिल्या दिवशी दूर, दुसऱ्या दिवशी थोडा जवळ, असे करीत पक्ष्यांना त्याची सवय होऊ देत. मग उजाडण्यापूर्वी आत शिरून बसायचे. पाय बधिर होतात, डास फोडून काढतात, तरी हलायचे नाही. सूर्य पाठीशी हवा, म्हणजे पिसांची रेघन्‌रेघ उजळते. भिंग पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर हवे. उभ्याने वरून घेतलेल्या चित्रात तो चिखलाला चिकटल्यासारखा दिसतो. डोळा स्पष्ट आला, तर पायाची बोटे किंचित पुसट झाली तरी चालतात. डोळा पुसट आला, तर बाकी सारे व्यर्थ. पांढऱ्या बगळ्याची आणखी एक अडचण असते. काळ्या चिखलाच्या मानाने उजेड घेतला, तर बगळ्याची पिसे जळून त्याचा नुसता चुन्याचा गोळा होतो. तेथे उजेड कमीच घ्यावा लागतो.

आज कॅमेरे हलके झाले आहेत आणि क्षणार्धाच्या शेकडोव्या भागात चित्र टिपता येते. ओहोटीची वाट पाहण्यातून आणि निश्चल बसण्यातून मात्र अद्याप कोणाची सुटका झालेली नाही. त्या पिढीची एक सवय आता त्याज्य मानतात, तीही सांगितली पाहिजे. पक्षी घरट्याकडे हमखास परततो, म्हणून पुष्कळ छायाचित्रे घरट्याशीच घेतली जात. त्यात धोका असतो. टिटवी किंवा शेकाट्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात. माणसाला भिऊन आईबाप दूर राहिले, तर उन्हाने अंडी भाजतात किंवा कावळे ती पळवतात. एका चित्रापायी एक वीण नासून जाते.

सलीम अलींच्या पाहण्यांपैकी पाणपक्ष्यांच्या दृष्टीने सर्वांत विलक्षण पाहणी कच्छची होय. १९४३-४४ साली कच्छच्या महाराओंच्या आश्रयाने त्यांनी तेथील पक्ष्यांचा अभ्यास केला. पावसाळ्यात कच्छच्या मोठ्या रणात पाणी साचते. त्या उथळ, खारट पाण्यात रोहित पक्षी, ज्यांना आपण अग्निपंखही म्हणतो, प्रचंड संख्येने वीण घालतात. १९४५ साली सलीम अली तेथवर जाऊन पोहोचले. सावलीला एक झुडूप नाही, डोळे दिपवणारे मीठ आणि घोट्याशी चिकटणारा चिखल, असा तो मुलूख. पुढे दृष्टी पोहोचेल तेथवर चिखलाचे लहान लहान बुरूज! प्रत्येक बुरुजाच्या माथ्यावर वाटीसारखा खळगा आणि त्यात बहुधा एकच पांढरे अंडे. पाणी थोडेफार चढले, तरी अंडे भिजू नये, अशी ती योजना. लाखोंच्या घरात पक्षी होते. त्या वसाहतीला ‘रोहित पक्ष्यांचे नगर’ हे नाव पडले, ते सर्वस्वी योग्य होय.

रोहित पक्ष्याची चोच मध्येच वाकलेली का असते? तो डोके उलटे करून चोच पाण्यात बुडवतो, जिभेने पाणी आत ओढून बाहेर टाकतो आणि चोचीच्या कडेच्या जाळीत अडकलेले सूक्ष्म जीव तेवढे गिळतो. पिल्लाची चोच जन्मतः सरळ असते, पुढे ती वाकते. पंखांचा गुलाबी रंगही त्या अन्नातूनच येतो. रणात पाऊस कमी झाला, तर पक्षी त्या वर्षी वीणच घालत नाहीत. त्यांचे जीवन पाण्याच्या किती बारीक हिशेबावर चालते, हे यावरून दिसते.

कच्छच्या मानाने राजस्थानातील भरतपूरची कथा वेगळी आहे. तेथील तळ्यांवर हिवाळ्यात दूरदेशींचे पक्षी उतरत आणि भरतपूरचे महाराज पाहुण्यांसाठी शिकारीचे सोहळे भरवीत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेळ्याने एकाच दिवसात ४,२७३ पक्षी मारले. तो दिवस सलीम अलींच्या बेचाळिसाव्या वाढदिवसाचा होता, हा योगायोग वाचताना मन अस्वस्थ होते. स्वातंत्र्यानंतर दुसरे संकट आले. तळी आटवून तेथे शेती करावी, अशी मागणी पुढे आली. शेतकऱ्यांना जमीन हवी होती आणि त्यांची गरज खोटी नव्हती. सलीम अलींनी पंतप्रधान पंडित नेहरूंपर्यंत हा प्रश्न नेला आणि तळी वाचली. तेथील बाभळींवर चित्रबलाक, बगळे आणि चमचे यांची घरटी पुढेही होत राहिली. १९८५ साली या स्थानाला जागतिक वारशाचा मान मिळाला.

१९५९ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांना कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. स्थलांतरी पक्ष्यांबरोबर रोगांचा फैलाव होतो का, हे जागतिक आरोग्य संघटनेस जाणून घ्यायचे होते, म्हणून तिने साहाय्य केले. पक्षी पकडण्यात वाकबगार असलेले बिहारचे मीरशिकार या कामी आले. पूर्वी बाजारासाठी जाळी लावणारे हे हात आता पक्ष्याच्या पायात मुंबईचे नाव व क्रमांक कोरलेले हलके कडे चढवून त्याला अलगद सोडून देऊ लागले. आपल्याकडे कडे घातलेले पक्षी पुढे सैबेरियात सापडले, तेव्हा आपल्या चिखलात दाणापाणी टिपणारा हा लहानसा जीव किती हजार मैलांची वाट तुडवतो, हे सिद्ध झाले.

सलीम अलींनी शास्त्रासाठी पक्ष्यांचे नमुने गोळा केले आणि त्यासाठी बंदूकही वापरली. नमुन्यावाचून जातींचा निर्णय करता येत नाही, असे त्यांचे मत होते. मौजेखातर प्राणी मारण्याचा मात्र त्यांनी सदैव निषेध केला. वृत्तीने ते काटेकोर, काहीसे तापट आणि ढिलाई मुळीच न खपवून घेणारे होते. मोटारसायकलीचा त्यांना भारी नाद. १९५० साली स्वीडनमध्ये पक्षिशास्त्रज्ञांची परिषद भरली, तेव्हा त्यांनी आपली मोटारसायकल बोटीतून युरोपात नेली. चौपन्नाव्या वर्षी तिच्यावर बसून ते आले, ते पाहून हे भारतातूनच रस्त्याने आले असावेत, असा काहींचा समज झाला म्हणतात!

अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्या सहकार्याने लिहिलेला भारतीय उपखंडातील पक्ष्यांविषयीचा त्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. पहिला खंड आला तेव्हा ते बहात्तरीच्या घरात होते. सरकारने त्यांना १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण देऊन गौरविले. १९८५ साली ते राज्यसभेचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र निघाले. त्याच्या नावात त्यांनी ती लहानपणीची चिमणीच घातली. १९८७ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी गोव्यात, मांडवी नदीतील चोडण बेटावर, सुमारे १७८ हेक्टर कांदळवनाला त्यांचे नाव देऊन पक्षी अभयारण्य करण्यात आले. तेथे भरतीला तिवरांची मुळे बुडून जातात. ओहोटी लागली, की भाट्याप्रमाणेच चिखलाची काळी पट्टी हळूहळू वर येते आणि बगळे उतरू लागतात. होडीतून आलेली माणसे अशा वेळी वल्ही आवरून धरतात. कॅमेरे डोळ्यांशी येतात. पण घाई कोणी करीत नाही. प्रथम एखादा तुतवार पाण्याच्या कडेने धावत येतो, शेपटी हलवतो आणि चिखलात चोच खुपसतो.